माळावरची न मोजलेली पोरं

गवत बसून कापावं लागतं. उभ्याने गवत कापणारी बाई मी पाहिलेली नाही, आणि बसलेल्या बाईला हातभर पुढचंच दिसतं. मला इथे माझी एक चूक सांगायची आहे. तिचं अर्धं कारण हे बसणं आहे. उरलेलं अर्धं माझं शहाणपण.

अंकासाठी लिहायला सांगणारे म्हणाले, तुमच्या कामाबद्दल काहीही लिहा. काहीही लिहायला माझ्याकडे वेळ नाही. माझी चौथी झाली आहे, तीही मार्कांनी पहिली येऊन. त्यामुळे लिहिण्याची अडचण नाही. अडचण ही, की गवत कापण्याबद्दल लोकांना वाटतं त्यात सांगण्यासारखं काय आहे. विळा घेतला, कापलं, झालं.

तसं नाही.

आमची वस्ती आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, डोंगराच्या अंगावर आहे. खाली भाताची खाचरं, उतारावर नाचणी आणि वरई, त्याच्या वर दाट रान, आणि रान संपलं की माथ्यावर मोकळा माळ. खालून बघणाऱ्याला वाटतं, जितकं वर जावं तितकी झाडी. पण आमच्या डोंगराला भोवती केस आणि मधे टक्कल आहे. वर कातळ, त्यावर वीतभर माती, आणि त्या मातीत फक्त गवत. पवना, मारवेल आणि कुसळी. कुसळीचे काटे लुगड्यात शिरले की घरी येऊन दिवा लागेपर्यंत वेचत बसावं लागतं. भाद्रपदात तिथे पिवळी सोनकी फुलते, मग शहरातले लोक गाड्या घेऊन फोटो काढायला येतात. फुलं गेली की तेही जातात. आमचं काम त्यानंतर सुरू होतं.

दसरा झाला की मी रोज वर जाऊन गवताची काडी मोडून बघायची. वाकली तर थांबायचं, कट्‌ करून मोडली तर विळ्याला धार लावायची. लवकर कापलं तर गंजीत बुरशी धरते. उशिरा कापलं तर नुसत्या काड्या राहतात, जनावर तोंड फिरवतं. बी थोडं पडू द्यायचं, नाहीतर पुढच्या वर्षी काय कापणार. बायांची रांग धरून बसत बसत पुढे सरकायचं. एका मुठीत मावेल ते कापून बाजूला, चार-पाच मुठींची पेंढी, गवताचाच पीळ देऊन बांधायची. पेंढ्यांचा भारा करायचा आणि डोक्यावर चुंबळ ठेवून रस्त्यापर्यंत उतरवायचा. रांगेच्या पुढे मी असायची. कुठपर्यंत कापायचं, कुठे सोडायचं, हे मी ठरवायची. माझी जाऊ गंगू माझ्या शेजारी बसायची आणि मी ठरवलेलं कसं चुकीचं आहे हे दिवसभर सांगायची. चाळीस वर्षं असं चाललं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. म्हशीवाले सरळ असतात, भारा उचलून बघतात आणि नेतात. आळेफाट्याचा एक हॉटेलवाला आला होता. त्याला हॉटेलासमोर गवताची खोपटी करायची होती, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या थांबतील. शाकारायचं गवत दिलं. महिन्याने माणूस पाठवून विचारलं, हे पिवळं का पडलं, हिरवं राहणारं नाही का. मी निरोप धाडला, हिरवं पाहिजे असेल तर छपरावर माती टाका आणि पाणी घाला. त्यानंतर त्याने हिरवं प्लास्टिकचं बसवलं म्हणे. गाड्या थांबतात.

सगळ्यांत चोखंदळ गिऱ्हाईक जुन्नरचे हमीदचाचा. त्यांच्याकडे वरातीची घोडी. पांढरी, नखरेल. नवरदेव पाठीवर, पुढे बँड, वर फटाके, तरी ती जागची हलायची नाही. पण खाण्याच्या बाबतीत चाचांपेक्षा तिचंच जास्त चालायचं. चाचा स्वतः टेम्पो घेऊन यायचे, पेंढी सोडायचे, नाकाला लावायचे, दोन काड्या चावून बघायचे. गंगू म्हणायची, "चाचा, घोडीला घालायचंय का तुमाला खायचंय?" चाचा म्हणायचे, "आधी मला आवडायला पायजे बाई, मग तिला."

एका वर्षी त्यांनी अर्धे भारे परत आणले. मी चिडले. माझं गवत कोणी परत आणलेलं नव्हतं.

"काय झालं? भिजलंय का?"

"भिजलं नाय. घोडी खात नाय. हे बघा." त्यांनी पेंढीतून पाच-सहा पानं काढून हातावर ठेवली. रुंद, जाड पानं. "गवतात पाला येतोय तुमच्या. गेल्या साली बी व्हता, मी बोललो नाय. औंदा जादा हाय."

मी पानं बघितली. एक जांभळीचं होतं, एक कुंभ्याचं. मी म्हटलं, पुढच्या वेळेला निवडून देईन. आणि खरंच दिलं. पुढच्या वर्षीपासून मी बायांना सांगितलं, चाचांच्या पेंढ्या बांधताना पाला वेचून टाकायचा. गंगू म्हणाली, "घोडीसाठी तांदूळ निवडावं तसं गवत निवडायचं म्हंजी." पण निवडलं. चाचा खूश, घोडी खूश. गवतात पाला कुठून येतो, हा प्रश्न मला पडला नाही. माल साफ करून दिला, की आपलं काम झालं, असं माझं होतं.

आता कागदांबद्दल.

त्याच सुमारास पुण्याहून अभ्यास करणारी मंडळी आमच्या माळावर यायला लागली होती. त्यांच्यात रेवती मॅडम. बाई कष्टाळू. पहिल्या दिवशी बूट घालून आली, पाय सरकून पडली, दुसऱ्या दिवशी माझ्यासारखी चप्पल घालून आली. त्यांनी माळावर पाच चौकोन आखले, दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद. कोपऱ्यांवर दगड पुरून चुना लावला. माझ्याशी ठरवलं, की दर वर्षी गवत कापून झालं की मी पाची चौकोन बघायचे आणि छापील कागदावर लिहायचं. गवत किती उंच होतं, गुरं चरली का, आग लागली का, आणि शेवटचा रकाना, झाडांची संख्या.

वस्तीत वाचता-लिहिता येणाऱ्या माझ्या वयाच्या दुसऱ्या बाया नव्हत्या. मला या कामाचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. कागद मी पत्र्याच्या पेटीत ठेवायची, त्यावर डाग पडू दिला नाही. अक्षर वळणदार. नऊ वर्षं मी ते कागद भरले आणि नऊही वर्षं शेवटच्या रकान्यात पाचही चौकोनांसमोर शून्य लिहिलं. मॅडम सुरुवातीला दर वर्षी यायच्या, पण फुलांच्या दिवसांत. तेव्हा गवत कमरेएवढं असतं, त्यात काय दडलंय ते दिसत नाही. पुढे त्यांना दुसरं काम लागलं. मग कोणीतरी यायचं आणि कागदांचे फोनवर फोटो काढून न्यायचं.

मग माझा गुडघा गेला. दोन वर्षं मी वर चढले नाही. माझ्याशिवाय रांग धरली नाही. पोरीबाळींना खाली नारायणगावला टोमॅटोवर, कळंबला कांदा लावायला छपराच्या टेम्पोतून नेतात, कुसळीत बसायला कोण येणार. कडेकडेने चार भारे कापले, बाकी गवत उभं वाळलं. दोन वर्षं माळ तसाच राहिला.

तिसऱ्या वर्षी रेवती मॅडम परत आल्या. केस पिकले होते, चप्पल तीच. मी गुडघ्याला पट्टा बांधून त्यांच्याबरोबर चढले. रान संपून माळ सुरू व्हायचा तिथे माळ सुरूच झाला नाही. आम्ही चालत राहिलो, रान चालत राहिलं. पहिला चौकोन शोधायला वेळ लागला. चुन्याचे दगड सापडले तेव्हा त्यांच्यामध्ये माझ्या खांद्याएवढ्या जांभळी उभ्या होत्या. एकमेकींना खेटून. दुसऱ्या चौकोनात कुंभा आणि हिरडा. तिथलं गवत विरळ झालं होतं, मऊ पडलं होतं, त्याला वास नव्हता.

मॅडमनी एका बुंध्याला मूठ लावून बघितली. मग म्हणाल्या, "मावशी, ही दोन वर्षांची झाडं नाहीत. हे बुंधे बघा."

"न्हाईत," मी म्हटलं.

"मग तुम्ही शून्य का लिहीत होतात?"

"झाडं नव्हती."

"हे काय आहे मग?"

"आता झाड हाय. तवा पोर व्हतं."

त्यांना कळेना. मला वाटलं, हिला एवढं कसं कळत नाही. मग बसून समजावलं. ते इथेही सांगते, कारण सगळं त्यावरच आहे.

आमच्याकडे भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजतात. त्याला राब म्हणतात. राबाला फांद्या लागतात, म्हणून माघात झाडावर चढून कोयत्याने फांद्या तोडायच्या. त्या फांद्यांना आम्ही टाळ म्हणतो. जे टाळ देतं ते झाड. मी लहानपणापासून झाड या शब्दाचा अर्थ एवढाच शिकले. ज्याच्यावर कोयता चालवावा असं काही नाही, ते झाड नाही. ते पोर. जांभळीचं पोर, हिरड्याचं पोर. आणि पोरं मोजायची नसतात. गवताच्या बुडाशी दर पावसाळ्यात शेकड्याने उगवतात आणि शिमग्यापर्यंत करपून जातात. मोजून काय करायचं? तीन पावसाळे काढले तर मोजावं. आमच्या आईच्या वेळी घरातल्या पोरांचंही असंच होतं. मला कोणी विचारलं, पोरं किती, तर मी तीन सांगते. झालेली पाच.

मॅडमनी हे वहीत लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "पण मावशी, आता करपत नाहीत ना."

तेव्हा मला चाचांच्या हातावरची पानं आठवली. खाली बसले आणि कुंभ्याच्या एका बुंध्याजवळची माती उकरली. बुंधा होता मनगटाएवढा. पण जमिनीलगत त्याला गाठ होती, दोन मुठींएवढी, आणि गाठीवर कापल्याच्या खुणा. एकावर एक. विळ्याच्या. त्या आमच्याच. दर वर्षी आम्ही गवताबरोबर ते पोर छाटत होतो, पाला पेंढीत बांधून जुन्नरला धाडत होतो, आणि ते खाली मुळात जाड होत होतं. वर विळा थांबला तसं दोन वर्षांत ते खांद्याला लागलं.

पोरं का तगली, याबद्दल मॅडमचं म्हणणं हवामानाचं होतं. मला ते पटतं, कारण मी ते पाठीवर घेतलं आहे. आधी दिवाळी झाली की आभाळ कोरडं. मृगापर्यंत थेंब नाही. वीतभर मातीतलं सगळं पाणी होळीच्या आत संपायचं आणि मुळं खोल न गेलेलं जे काही असेल ते मरायचं. गवत मरत नाही, ते झोपतं. पोर मरतं. माळ दर वर्षी आपली पोरं मारायचा, म्हणून तो माळ होता. आता मार्गशीर्षात पाऊस, माघात पाऊस, चैत्रात गारा. आंब्याचा मोहर गळतो म्हणून खालचे बागाईतदार रडतात, ते बरोबरच आहे. पण त्याच पावसाचा एक घोट माळावरच्या पोराला मिळतो, आणि तो एक घोट त्याला पुरतो. त्यात गुरं कमी झाली, वणवा लावणं बंद झालं. कशाने किती, हे मॅडमना मोजता येईल. मला विचाराल तर तिन्हींनी.

मॅडम म्हणाल्या, पाचांतले दोन चौकोन गेले. तिसऱ्यात गुडघ्याएवढी आहेत. वरच्या दोहोंत अजून गवतात दडलेली आहेत. आता ठरवलं तर निम्मा माळ राहील. नाहीतर काही वर्षांत खालून वरपर्यंत रान.

आता कोणी म्हणेल, रान झालं तर बिघडलं काय. म्हणणारे आमच्याच वस्तीत निघाले. पण अकरा घरांच्या म्हशी त्या गवतावर उन्हाळा काढतात. रानातलं गवत म्हशीला पोसत नाही. विकत घ्यायचं तर उसाचं वाढं घ्या, तेही खालून आणा. म्हैस गेली की दूध गेलं, शेण गेलं, बाईच्या हातातलं जे काही असतं ते गेलं. हे मला समजावून सांगायची गरज पडेल असं वाटलं नव्हतं.

ग्रामसभा देवळात भरली. सरपंच किसन, माझा चुलत पुतण्या. पोरगा वाईट नाही, पण फोटोत यायची हौस.

"काकी," तो म्हणाला, "सगळी दुनिया झाडं लावाय निघालीया, आन तुमी उपटाय?"

"दुनियेनं तिच्या दारात लावावी. हितं गवत हाय."

"हिरडा झाला तर आपल्यालाच मिळंल की. जांभळं विकता येतील."

"कवा? तुझ्या नातवाला. तवर म्हशीनं काय खायचं, जांभळाचा फोटू?"

लोक हसले. किसन हसला नाही. त्याने फोन काढला, त्यात माझे कागद होते. नऊही वर्षांचे. मॅडमच्या माणसानेच पंचायतीला दिलेले. त्याने एकेक दाखवायला सुरुवात केली.

"हे कोणाचं अक्षर? तुमचंच ना? झाडं शून्य. ह्या साली शून्य. ह्या साली शून्य. आन आता म्हणताय माळ भरला. म्हंजी तवा खोटं लिवलं, न्हाईतर आता खोटं बोलताय. ह्याच्यावर ठराव कसा करायचा, सांगा."

बोलणं बिनतोड होतं. मला शाळेत कोणी उभं केलं नव्हतं, ते देवळात झालं. मागून गंगूचा आवाज आला, "चौथी शिकली म्हणून लिवाय दिलं व्हतं. मला दिलं असतं तर कागद कोरे तरी ऱ्हायले असते." लोक परत हसले. या वेळी माझ्यावर.

मला दोन वाटा होत्या. गप्प बसले असते तर अक्षराची लाज राहिली असती. पोरं आपोआप उगवली, आम्ही काय करणार, म्हटलं की झालं. किसनही खूश झाला असता. मी उभी राहिले. गुडघा दुखत होता, खांबाला धरलं.

"खोटं लिवलं न्हाई. चुकीचं लिवलं," मी म्हटलं. "पोरं व्हती. दर साली व्हती. मी त्येंच्यावर बसून गवत कापलं. ती मोजली न्हाईत, कारण पोर मोजायचं नसतं असं मला वाटलं. चाचांनी पाला दावला, तवा मी पाला वेचला, मूळ बघितलं न्हाई. ही माझी चूक. पर मला सांगा, हितं बसलेल्या कोणी मोजलं असतं?"

मग कोपऱ्यातून धोंडूबाबा बोलले. वस्तीतले सगळ्यांत म्हातारे, कानाने अधू, त्यांना बाकीचं किती ऐकू आलं कोण जाणे. "पोर?" ते म्हणाले. "पोर कोन मोजतंय. पोर मरतंय."

"आता मरत न्हाई बाबा," मी ओरडून सांगितलं. "आता समदी जगत्यात."

बाबांनी मान हलवली. म्हणाले, "मग माळ जाईल." एवढंच. किसनने फोन खिशात घातला.

ठराव झाला तो असा, की माळाच्या मधे कातळाची पायरी आहे, तिच्या खालचा माळ रानाला सोडायचा. तो गेलाच आहे. पायरीच्या वरच्या माळावरची पोरं बायांनी उपटायची. ज्याला टाळ आहे त्याला हात लावायचा नाही. हे शेवटचं वाक्य मी घालायला लावलं. मॅडम म्हणाल्या, कागदावर उंची लिहावी लागेल. लिहा म्हटलं, पण वस्तीला टाळ कळतो. रीतसर परवानगीचं किसनने बघितलं, आणि चांगलं बघितलं. उपटतानाचा फोटोही त्याने काढला.

पोर उपटणं हे गवत कापण्याहून वेगळं काम आहे. बोटाएवढं दिसणारं पोर हाताएवढं मूळ घेऊन बसलेलं असतं. नुसतं ओढलं तर तुटतं, आणि तुटलं की दोन होऊन उगवतं. आधी भोवतीची माती कुदळीने सैल करायची, मग बुडाशी दोन्ही हातांनी धरून सरळ वर. वाकडं ओढायचं नाही. जमीन कोरडी असेल तर जमत नाही. म्हणून अवकाळी पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी आम्ही वर जातो. ज्या पावसाने ती तगतात, त्याच पावसाने ती निघतात. रेवती मॅडमना हे सांगितलं, तर त्यांनी तेही वहीत लिहिलं.

छापील कागद अजून मीच भरते. शेवटचा रकाना त्यांनी बदलून तीन केले. मला विचारून केले. शब्दही आमचे घातले: यंदाचं पोर, तगलेलं पोर, झाड.

पहिल्या वर्षी घरटी एक बाई आली. गाणी झाली, भाकरी एकत्र खाल्ल्या, पायरीच्या वरचे दोन्ही चौकोन आणि भोवतालचं बरंच साफ झालं. दुसऱ्या वर्षी निम्म्या आल्या. मी कोणाला दोष देत नाही. टोमॅटोवर गेलं की संध्याकाळी हातात काहीतरी येतं, इथे मूळ येतं. हमीदचाचांनी घोडी विकली, आता वराती गाडीतून निघतात. ते सांगायला आले तेव्हा जाताना एक भारा नेला, कशाला ते विचारलं नाही.

यंदा माघात पाऊस झाला. दोन दिवस. उघडल्यावर सकाळी मी आणि गंगू वर गेलो. आणखी दोघी येणार होत्या, त्यांतली एक आली आणि दुपारी लेकराला घ्यायला परत गेली. आम्ही दोघी चौथ्या चौकोनात बसत बसत पुढे सरकत होतो. खालच्या अंगाला जांभळींवर पाखरं ओरडत होती. ती तिथे खातात आणि इथे येऊन हागतात, म्हणजे बी कुठून येतं ते समोरच दिसत होतं.

गंगू म्हणाली, "आपण दोघी गेल्यावर कोण येणार गं हे उपटाय?"

"कोणी न्हाई."

"तुझी सून?"

"न्हाई येणार."

"माझी तर मंचरलाच ऱ्हाती." तिने एक पोर ओढलं, ते तुटलं. तिने शिवी दिली. "मग आपण कशापायी मरतोय हितं? पाच-सात सालांत ह्यो बी रानच हाय."

तिचं म्हणणं खरं असेल. मी तिच्या तुटलेल्या पोराभोवतीची माती उकरली आणि कुदळ तिच्याकडे सरकवली.

"म्हशीला यंदा यंदाचंच गवत लागतं," मी म्हटलं. "बोलू नको. दोनी हातांनी धर, सरळ वढ."

तिने धरलं. ओढलं. मूळ सबंध आलं.